तीन दोऱ्यांचा झगा

दुकानातल्या वरच्या फळीवरून आवाज येतोय म्हणून दचकू नका, मीच बोलतोय. मी एक झगा आहे. गरोदर बाईने घालायचा, सैल, गुडघ्यांच्या खाली येणारा, दोन्ही बाजूंना मोठे खिसे असलेला झगा. कपड्याने कधी बोलू नये, नुसतं अंगावर नीट बसावं, असं मला शिकवलं होतं. पण उद्या मी या दुकानातून जाणार आहे, आणि जाण्याआधी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

खरं म्हणजे मी पडदा होणार होतो. आमचं कापड जाड, सुती, शेवाळी रंगाचं. एका हॉटेलच्या जेवणघरासाठी त्याचा मोठा गठ्ठा दुकानात आला. माझी सगळी भावंडं त्या हॉटेलच्या खिडक्यांत जाऊन लटकली. ऊन खाऊन त्यांचा रंग पार उडालाय, असं कानावर येतं. मी तेवढा तुकडा उरलो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. उरलंसुरलं म्हणजे काय ते मला तेव्हापासून ठाऊक आहे.

दुकान माझ्या मालकिणीच्या सासूबाईंचं. रस्त्याच्या कोपऱ्यावर, काचेच्या दाराचं. आत कापड कापायचं लांबच लांब टेबल, दोन मशिनी, भिंतीला टेकवलेल्या पडद्यांच्या दांड्या, आणि डब्यांतून कड्या नि आकडे. शेजारी किल्ल्या बनवणाऱ्या काकांची टपरी, समोर सासूबाईंच्या लेकीचं केस कापायचं दुकान. "आमच्या घरात आई कापड कापते, मी केस कापते आणि दादा खिसा," असं ती लेक म्हणायची. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो टेम्पोतून पडदे घेऊन जायचा आणि लोकांच्या भिंतींना भोकं पाडून ते लावून यायचा.

माझी मालकीण या घरची सून. ती आधी या दुकानात शिवायला आली आणि मग घरात. "इतकी चांगली कारागीर हातची जाऊ नये म्हणून मुलगा देऊन टाकला," हे सासूबाई गिऱ्हाइकांना हसत सांगायच्या. यात थट्टा किती नि खरं किती, ते सुनेनेही कधी विचारलं नाही.

सासूबाईंचे नियम दोनच. त्यांच्या काळ्या मुठीच्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही, आणि खडूची रेघ मारल्याशिवाय कात्री चालवायची नाही. "कापलेलं परत जोडता येतं, पण ते जोडलेलं दिसतं," असं त्या म्हणायच्या.

सुनेला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी मला टेबलावर पसरलं, रेघा मारल्या आणि कापलं. शिवताना मात्र त्यांनी एक युक्ती केली. नवा पडदा पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून पडदेवाले खाली कापड जास्त दुमडून ठेवतात आणि कच्ची टीप घालतात. पडदा आखूड झाला की ती टीप उसवायची.

"पडदा आटतो आणि बाई फुगते," सासूबाई म्हणाल्या. "हिशोब तोच, फक्त उलटा."

त्यांनी माझ्या दोन्ही कुशींना भरपूर कापड आत दाबलं आणि एकाशेजारी एक अशा तीन कच्च्या टिपा घातल्या. अंगाजवळची पांढऱ्या दोऱ्याची, मधली पिवळ्या, बाहेरची लाल. त्यापलीकडे माझ्याच रंगाची एक पक्की टीप होती, ती कधी उसवायची नव्हती. पोट वाढेल तसा एकेक रंग काढून टाकायचा, असा बेत.

पहिल्या वेळचा थाट काय सांगू! सुनेने मशीनवर बसावं तर पाठीला उशी. तिने गठ्ठा उचलायला वाकावं तर सासूबाई ओरडायच्या, "ठेव! ठेव आधी खाली!" पोटात पहिल्यांदा काहीतरी हललं तेव्हा ती गोंधळून म्हणाली, "आई, सकाळचं अंडं बाधलं वाटतं." मला मात्र कळलं होतं. माझ्या कापडाला आतून कुणीतरी अलगद टिचकी मारली होती. अंडं असं करत नाही.

दुसऱ्या दिवशी तीच टिचकी परत आली, आणि मग तिलाही कळलं. ती मशीनवरून उठून उभीच राहिली. सासूबाईंनी त्यांची मशीन थांबवली. नवऱ्याने हातातली दांडी टाकली, ती गडगडत दारापर्यंत गेली. तो गुडघ्यांवर बसून माझ्यावर कान लावून ऐकत राहिला. किल्लीवाले काका धावत आले, "काय पडलं?" सगळे म्हणाले, "श्श!" अख्खं दुकान एका टिचकीसाठी थांबलं होतं.

पांढरा दोरा काढला तेव्हा सासूबाईंनी तिला टेबलावर बसवून, चष्मा लावून, एकेक टाका कापला. पिवळ्याच्या वेळी समोरून लेक कौतुकाने बघायला आली. लाल दोरा निघाला आणि महिना भरायच्या आत बाळ झालं. त्या दिवसापासून सासूबाईंच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: लाल दोरा निघाला की बाळ उंबऱ्यावर.

अर्थात ते बाळ काही सुखासुखी आलं नाही. आधी दोनदा खोट्या कळा आल्या, दोनदा सगळं कुटुंब टेम्पोत बसून दवाखान्यात गेलं आणि दोनदा नर्सबाईंनी परत पाठवलं. दुसऱ्या वेळी तर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "दादा, पेट्रोल जपून वापरा." तो इतका ओशाळला की खऱ्या कळा येईपर्यंत त्या रस्त्याने गेला नाही. खऱ्या कळा सुरू झाल्या त्या एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र चालल्या. मी दवाखान्याच्या खुंटीवर लटकून वाट बघत होतो. आयुष्यात पडद्यासारखा लटकलो तो तेवढाच. मग मुलगी झाली. एका जागी ठरायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला धुतलं, वाळवलं आणि त्याच तीन रंगांत परत तीन टिपा घातल्या. "पुढच्या वेळेला," त्या म्हणाल्या आणि मला पडद्यांच्या नमुन्यांमागे ठेवून दिलं.

तिथे मी बरेच दिवस विसरला गेलो. अधूनमधून मला काढून मशीनवर टाकायचे, धूळ बसू नये म्हणून. पुढे भिंगरी उभी राहायला लागली, तेव्हा तिने मला खाली ओढून दोन खुर्च्यांवर टाकलं आणि माझं घर केलं. त्या घरात ती बसायची आणि कुणी आत डोकावलं की, "हे घल माझं आहे!" म्हणून किंचाळायची. बरोबरच होतं तिचं. ते घर आधीही तिचंच होतं.

मग एके दिवशी सुनेने खुर्च्यांवरून मला उचललं, झटकलं आणि अंगात घातलं. मी चकित झालो. पहिल्या वेळी ती माझ्यात शिरली तेव्हा मी तिला बराच मोठा होतो. या वेळी पोट कितीतरी आधी दिसू लागलं होतं. पांढरा दोरा तर तिने त्याच आठवड्यात काढला. चष्मा नाही, टेबल नाही. एका हाताने भिंगरीला धरून, दुसऱ्या हाताने मला वर ओढून दातांनीच तोडला आणि परत कामाला लागली.

आता मी तिच्याबद्दल बोलतो ते जरा नीट ऐका, कारण हे माझ्याशिवाय इतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही. पहिल्या वेळी ती एकटी गरोदर होती. दुसऱ्या वेळी ती गरोदर होती आणि शिवाय आई होती, ही दोन कामं आहेत. पोटात एक, कडेवर एक आणि खांद्यावर पडद्याची घडी, अशी ती दुकानभर फिरायची. पाठ दुखायची, पायांत गोळे यायचे, पण बसावं म्हटलं तर भिंगरी रस्त्याकडे धावलेली असायची. दुपारी डोळा लागावा म्हटलं तर भिंगरी झोपेचा पक्का बेत हाणून पाडायची. पहिल्या वेळची उशी कुणी दिली नाही. दुष्टपणा नव्हता हो त्यात कुणाचा. तिला सगळं येतं, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आणि ती हे सगळं हसून करायची. माझ्या खिशात तेव्हा खडू, टाचण्यांची डबी, अर्धं बिस्किट आणि भिंगरीचा एक मोजा असायचा. एवढं सामान घेऊन फिरणारी बाई मला जगातली सगळ्यात बळकट बाई वाटते.

या वेळी टिचकी तिला पहिल्याच फटक्यात ओळखू आली, आणि तीही पहिल्यापेक्षा बरीच लवकर. ती एका गिऱ्हाइकाला नमुने दाखवत होती. मधेच थांबली. एक हात माझ्यावर ठेवला. गिऱ्हाईक म्हणालं, "यात निळा आहे का हो?" ती म्हणाली, "आहे ना," आणि पुढचा नमुना उलटला. कुणाला काही सांगितलं नाही. रात्री सांगू म्हणाली असेल मनाशी. पण रात्री भिंगरीला ताप होता.

ही गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली. ती बोलली ते नणंदेजवळ. नणंद दुपारी केस कापायचा झगा अंगावर तसाच ठेवून चहाला यायची.

"वहिनी, केवढं पोट गं! जुळी आहेत का?"

"नाही गं, एकच आहे. तपासलंय." सुनेने टेबलावरच्या टाचण्या डबीत भरल्या. मग म्हणाली, "भिंगरीच्या वेळी मी दिवसभर तिच्याशी बोलायचे. हे बाळ नुसतं माझं ओरडणं ऐकतंय. भिंगरी खाली उतर, भिंगरी तोंडातून काढ."

"मग काय, जन्मल्यावर स्वतःलाच भिंगरी समजेल."

"हसू नकोस. तिच्या वेळी पहिल्यांदा पोटात हललं तेव्हा दुकान थांबलं होतं. ह्याच्या वेळी मीसुद्धा थांबले नाही. उरलंसुरलंच मिळणार का गं ह्याला माझं?"

नणंदेने बशीतला चहा संपवला. "दुसऱ्यांचं असंच असतं. मला विचार ना. दादाच्या जन्माची गोष्ट मला तोंडपाठ आहे. किती पाऊस होता, कोण कोण आलं, आजोबा कसे जिन्यात घसरले. आणि माझी विचारली की आई काय म्हणते माहितीये? 'तू? तू झालीस.'"

टेबलापलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "मग? झालीसच ना? नाही झालीस का?"

"बघ!" नणंद म्हणाली.

तिघीही हसल्या. पण सुनेचा हात माझ्या खिशात होता आणि तो हसत नव्हता. त्या हाताने खिशातल्या बिस्किटाचा भुगा केला.

पिवळा दोरा कधी निघाला ते मलाही आठवत नाही. आणि मग एका सकाळी ती दांड्या मोजायला हात वर करते तोच माझी लाल टीप करकरली. तिने हाक मारली, "आई, हा पण काढायला लागणार."

सासूबाई जागच्या जागी थिजल्या. बाळाला अजून कितीतरी अवकाश होता, जवळजवळ तीन महिने. आणि लाल दोरा!

"बस. हलू नकोस. अरे, टेम्पो काढ! लाल दोरा निघाला!"

"अहो आई, मला काही होत नाहीये."

"तुला कळणार नाही. दोऱ्याला कळतं!"

नवऱ्याने कुठलाही प्रश्न न विचारता टेम्पो काढला, त्याचाही दोऱ्यावर तितकाच विश्वास होता. किल्लीवाले काका दुकानाच्या दारात उभे राहून "धीर धर गं पोरी!" असं म्हणत होते. सून बिचारी मधल्या सीटवर बसून भिंगरीला संत्रं सोलून देत होती.

डॉक्टरबाईंनी तपासलं. सगळं उत्तम होतं. मग त्यांनी विचारलं, की त्रास काय होतोय नेमका? तेव्हा सासूबाईंना लाल दोऱ्याची हकीकत सांगावीच लागली. डॉक्टरबाई खुर्चीत मागे रेलून हसल्या.

"आजी, तो दोरा मला द्या. आमच्या मशीनपेक्षा स्वस्त पडेल." मग त्या नीट समजावून सांगू लागल्या. "अहो, एकदा फुगवलेला फुगा दुसऱ्यांदा पटकन फुगतो. पोटाचे स्नायू एकदा ताणलेले असतात ना, म्हणून दुसऱ्या वेळी पोट लवकर दिसतं, जरा खालीही वाटतं. पाठही जास्त दुखते. यात घाबरण्यासारखं काही नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की दुसरं बाळ बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा लवकर बाहेर येतं. नियमित कळा सुरू झाल्या की घरी थांबू नका."

हे शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं होतं, आणि नेमकं ते दोघांनीही ऐकलं नाही. नवरा तोंड लपवून आधीच टेम्पोकडे पळाला होता, कारण दारात त्याच नर्सबाई उभ्या होत्या. सासूबाई लाजेने लाल होऊन पिशवीची चेन लावत होत्या. ऐकलं ते फक्त सुनेने आणि मी.

घरी येताना सासूबाई ठामपणे म्हणाल्या, "आता पुरे झालं हसं. या खेपेला खरंखुरं होईपर्यंत मी त्या पायऱ्या चढणार नाही. भिंगरीला एक दिवस आणि एक रात्र लागली. वेळ असतो भरपूर." दोऱ्यावरचा विश्वास उडाला, पण तो जाऊन बसला दुसऱ्याच जागी. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढच्या ठेचेनेच मागच्याची वाट अडवली होती.

दिवस भरत आले. एका शाळेच्या सभागृहाचा मोठा पडदा दुकानात चालू होता. गडद तांबडी मखमल, टेबलावर मावेना. तो शिवून संपला आणि नवऱ्याने घड्या घालून टेम्पोत भरला. दुपारी तो लावून यायचा होता.

सुनेची कंबर सकाळपासून दुखत होती. तिने कुणाला सांगितलं नाही, कंबर रोजच दुखायची. ती उशांचे अभ्रे शिवायला बसली. पण मला कळत होतं. माझं कापड मधूनमधून ताठ व्हायचं, पुठ्ठ्यासारखं, आणि परत सैल पडायचं. आधी बराच वेळ मधे जायचा. मग एका अभ्र्याच्या चार बाजू शिवून होईपर्यंत एकदा. मग दोन बाजूंत एकदा. तेव्हा मला तोंड फुटलं असतं तर मी ओरडलो असतो. कापडाचा जन्म असा, की सगळं आधी कळतं आणि वेळेवर सांगता काही येत नाही.

तिने मशीन थांबवली. "आई, कळा येतायत."

सासूबाई आकडे मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येऊ देत. चहा ठेवते. तू जरा चाल इकडेतिकडे. भिंगरीच्या वेळी आठवतंय ना? आपण उगाच धावलो होतो."

"तेव्हाच्यासारखं नाही वाटत."

"अगं, पहिल्यांदाही तू असंच म्हणाली होतीस. एक दिवस आणि एक रात्र..."

पुढची कळ आली. तिने टेबलाची कड धरली. मी तिच्या अंगाला घट्ट लागून होतो. माझ्याखाली ते बाळ कसं खाली सरकत होतं ते मला जाणवत होतं, घाईघाईने, कुणाचीही वाट न बघता. कळ ओसरली तेव्हा तिने मान वर केली. तिचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण त्यात विचारणं नव्हतं.

"आई, हे बाळ भिंगरी नाही. हे वेगळं आहे, ह्याची चाल वेगळी आहे. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, थांबू नका. मला आत्ताच्या आत्ता न्या."

आणि तिने दोन्ही हात माझ्यावर ठेवले आणि खाली बघून हळूच म्हणाली, "आले रे. ऐकतेय मी तुझं."

सासूबाईंच्या हातातले आकडे खाली सांडले. त्या सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी जुनं वर आलं.

"अगं बाई गं," त्या म्हणाल्या. "माझी दुसरीही अशीच आली होती! टेबलावरून उठून चार पावलंसुद्धा... कशी विसरले मी? कशी विसरले!" आणि मग दाराकडे वळून त्यांनी अशी हाक मारली की समोरच्या दुकानात लेकीच्या हातून गिऱ्हाइकाची एक बाजू आखूड कापली गेली. "टेम्पो काढ! नाही, दोरा नाही! खरंच काढ!"

लेक रस्ता ओलांडून धावत आली आणि तिने भिंगरीला उचललं. किल्लीवाले काकांनी न सांगता दुकानाचं दार ओढून घेतलं. सुनेला पुढच्या सीटवर बसता येईना, म्हणून तिला मागेच चढवलं, मखमलीच्या घड्यांवर. सासूबाई तिच्यामागे चढल्या. घाईत त्यांच्या एका हातात दवाखान्याची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात कात्री. ती खाली ठेवायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"आई, पडदा खराब होईल," सून दोन कळांच्या मधे म्हणाली.

"होऊ दे! दुसरा शिवू!"

टेम्पो दवाखान्याच्या आवारात शिरला तेव्हा बाळाने आणखी थांबायला नकार दिला होता. नवऱ्याने धावत जाऊन ज्यांना आणलं त्या त्याच नर्सबाई होत्या. त्यांनी टेम्पोत डोकावून बघितलं आणि थट्टेचा एक शब्दही न बोलता वर चढल्या. "हलवायला वेळ नाही. इथेच. आजी, हा झगा मधे येतोय. कापा."

सासूबाईंनी माझी खालची कड हातात घेतली. क्षणभर त्यांचा दुसरा हात सवयीने खडू शोधत होता. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा, रेघ न मारता, कात्री चालवली. खालपासून कमरेपर्यंत, एका दमात. मला दुखलं का? दुखलं. पण त्या कात्रीच्या पात्याइतकं सरळ आणि प्रेमाने मला कुणी कधी कापलं नव्हतं.

आणि ती आली. दुसरी मुलगी. गोल, तांबडी, आल्या आल्या ओरडणारी. नर्सबाईंनी हात पुढे केला, हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून माझाच कापलेला पदर तिच्याभोवती गुंडाळून तिला आईच्या छातीवर ठेवलं. उरलेल्या तुकड्याच्या वाट्याला हे आलं बघा! जिला उरलंसुरलं मिळेल म्हणून तिची आई झुरत होती, तिच्यासाठी दुकान थांबलं, रस्ता थांबला, टेम्पो थांबला. आणि तिने स्वतः मात्र कुणासाठी थांबायचं नाव काढलं नाही. तिचं नाव नर्सबाईंनीच ठेवलं, घाईबाई.

दुसऱ्या दिवशी बाळाला पाजताना सुनेच्या पोटात जोरात कळ आली. ती घाबरली. "पहिल्या वेळी असं नव्हतं झालं, आई."

"पहिल्या वेळी नाही होत एवढं," सासूबाई तिची पाठ चोळत म्हणाल्या. "दुसऱ्या वेळी होतं. गर्भाची पिशवी परत जागेवर येते ना, तिला आता जास्त जोर लावावा लागतो. मलाही झालं होतं." मग स्वतःशीच म्हणाल्यासारख्या म्हणाल्या, "बघ, एकेक आठवतंय आता."

मखमलीचा पडदा नवा शिवावा लागला. शाळेला उशीर झाला तेव्हा नवऱ्याने जाऊन खरं कारण सांगितलं. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, की आमच्या पडद्यामागे पहिला प्रवेश असा झाला असेल तर आमची तक्रार नाही.

मला सासूबाईंनी धुतलं आणि मधोमध जोडलं. जोडलेलं दिसतं. त्या म्हणायच्या तसंच. पण मला त्याची लाज वाटत नाही.

आणि आता उद्याचं. नणंदेला दिवस गेलेत, पहिल्यांदाच. आज दुपारी ती मला मागायला आली. टेबलाशी बसली आणि म्हणाली, "आई, तो तीन दोऱ्यांचा झगा दे ना. आणि नीट समजावून सांग, लाल दोरा कधी काढायचा असतो?"

सासूबाईंनी मला टेबलावर पसरलं. माझ्या कुशींत आता एकही रंगीत दोरा नाही. त्याऐवजी पडद्यांना वर चुण्या पाडायला लावतात ती पट्टी आहे, आतून नाडी ओवलेली. ती त्यांनी गेल्या आठवड्यातच लावून ठेवली होती.

"दोरा नाही," त्या म्हणाल्या. "ही नाडी. पोट वाढलं की सैल सोड, कमी वाटलं की ओढ. केव्हा ते तुझं तुला कळेल. मला विचारू नकोस, वहिनीला विचारू नकोस. तिच्या दोन खेपा एकसारख्या नव्हत्या, माझ्याही नव्हत्या. तुझी तर अजून कुणी बघितलेलीच नाही."

नणंद नाडी ओढून बघत राहिली. मग तिने नेहमीच्या सुरात टोमणा मारला. "आणि तुझी दुसरी खेप कशी होती ते अजून कुणी ऐकलेलंही नाही. मी काय, झाले!"

सासूबाईंनी चष्मा काढला. काळ्या मुठीची कात्री बाजूला सरकवून ठेवली.

"तू ना," त्या म्हणाल्या, "तू ह्याच टेबलाशी आलीस जवळजवळ. तुझा दादा टेबलाखाली बसून कड्या मोजत होता. मी पिवळ्या फुलांचं कापड कापत होते, अर्धी रेघ मारून झाली होती..."

पलीकडे सुनेची मशीन खडखडत होती, ती थांबली. घाईबाई तिच्या मांडीवर होती. भिंगरी माझा एक खिसा उलटा करून बघत होती, तीही थांबली. दारात किल्लीवाले काका चहाचा पेला घेऊन आले होते, ते तिथेच उभे राहिले. नणंदेच्या हातातली नाडी सुटली, आणि तिला पत्ता नव्हता. इतक्या वर्षांनी, एका दुसऱ्या खेपेच्या मुलीसाठी, अख्खं दुकान थांबलं होतं.

मी उद्या रस्ता ओलांडून समोर जातोय. तिथे माझ्यात आणखी एक माणूस वाढेल. त्याचं वजन, त्याची चाल, त्याच्या टिचक्या कशा असतील मला माहीत नाही, आणि या वेळी मला ते माहीत करूनही घ्यायचं नाही. तुमच्या घरी कुणी पोटात बाळ घेऊन वावरत असेल, तर माझं एवढंच मागणं आहे: पहिल्या खेपेचं माप दुसऱ्या खेपेला लावू नका, आणि वहिनीचं नणंदेला तर नकोच नको. आणि दुसऱ्या वेळी ती बाई मशीन थांबवून, खिशातलं बिस्किट चाचपत, क्षणभर गप्प उभी राहिली, तर तुम्हीही थांबा. आत कुणीतरी टिचकी मारलेली असते.